उतार तुला ठाऊक होता

येसू, तुला अक्षर वाचता येत नव्हतं आणि मला लिहिल्याशिवाय धड काही सांगता येत नाही. म्हणजे तू असतीस तरी ही अडचण होतीच. मी वाचून दाखवायला बसले असते आणि तू मध्येच म्हणाली असतीस, "बाई, लई लांबण लावताय. काय त्ये बोला."

काय ते बोलायला मला तेरा दिवस लागले. काल तुझं तेरावं झालं. आज सकाळी तुझा बबन दापोडीला परत गेला, वर्कशॉपातली त्याची रजा संपली. घराला कुलूप लावलं, पण किल्ली कुणाकडे ठेवायची हे त्याला सुचेना. शेवटी माझ्याकडे दिली. त्याला सगळं माहीत असतं तर दिली असती का, हे मला सांगता येणार नाही.

मी माणदेशातली. आमच्याकडे नदी म्हणजे आठ महिने वाळू आणि उरलेले चार महिने वाटेकडे डोळे. दवाखान्यात सुईण म्हणून माझी बदली चाकणच्या वरच्या अंगाला, भामेच्या काठी झाली, तेव्हा कुणी सांगितलं नाही की माझ्याकडच्या सहा वाड्यांपैकी चार नदीपल्याड आहेत. पहिल्याच आठवड्यात पल्याडून बोलावणं आलं. दिवाळी झाली होती, नाव लागत नव्हती, पाणी मांडीपर्यंत होतं. पण मी काठावर उभी आणि पाय पुढे पडेनात.

तू आलीस. कासोटा घट्ट, हातात वेळू, कपाळ मोकळं. माझी पिशवी तू डोक्यावर घेतलीस आणि हात पुढे केलास.

"बाई, पाण्याकडं बघू नगा, घेरी येती. पल्याडची चिंच दिसती न्हवं, तिच्याकडं बघा. आन् पाय उचलू नगा, सरकवा."

"सरकवा म्हणजे?"

"उचललेला पाय नदीचा असतो. टेकलेला आपला."

मी तुझा हात असा धरला होता की नखं रुतली. मधोमध आल्यावर तू हसलीस. "बाळंतिणी तुमचा हात असाच धरत्यात का वं?" मलाही हसू आलं, आणि हसता हसता पलीकडे पोचले. त्या दिवशी पल्याड मुलगा झाला, पण मला तो आठवत नाही. तुझ्या तळहाताचे घट्टे आठवतात.

तुझा नवरा गेल्यावर तर, म्हणजे नावेतून माणसं पार करायचं काम, तुझ्याकडे आली. बाईमाणूस नाव कशी चालवणार म्हणून गावात कुजबुज झाली होती, असं तूच सांगितलंस. मग पहिल्या पुरात तू कुणाकुणाला पार केलंस आणि कुजबुज थांबली. पण नाव चार महिन्यांची. खरं काम दसऱ्यानंतर सुरू व्हायचं. पाणी ओसरलं की तू नदीत उतरायचीस आणि दोन-दोन, तीन-तीन दिवस वेळूनं तळ चाचपत उतार, म्हणजे पायी पार होण्याची वाट, शोधत हिंडायचीस. मला वाटायचं, वाट तर दरवर्षी तीच असणार. एकदा तसं म्हणाले तर तू असं पाहिलंस, जणू मी म्हटलं की सगळी बाळं सारखीच जन्मतात.

"नदी दर साली घर सारवती, बाई. वाळू इकडची तिकडं. गेल्या सालचा उतार औंदा खड्डा असतोय."

तू शिकवलंस ते मी सगळं ध्यानात ठेवलं आहे. गाळ असेल तिथं बैल रुततो, नुसता गुळगुळीत खडक असेल तिथं घसरतो. मुठीएवढे गोटे असलेला तळ चांगला. गाडीच्या चाकाचा तुंबा, म्हणजे आरे बसवलेला मधला गोळा, बुडेपर्यंत पाणी चालतं. त्याच्यावर गेलं की गाडी हलकी होते, आणि हलकी झालेली गाडी बैलाचं ऐकत नाही. काठाची उतरण फार उभी नको, नाही तर पाण्यापेक्षा तीच मारते. पाणी बोलतं तिथं उतरावं. मी एकदा तुला म्हण ऐकवली होती, उथळ पाण्याला खळखळाट फार. आमच्या शाळेत ती बडबड्या पोरांना ऐकवायचे. तू म्हणालीस, "मग चांगलंच हाय की! तितंच उतरायचं. गप पाण्याचा भरोसा न्हाई."

आणि एक. हे तू मला एकदाच सांगितलंस, बाभळीचे फाटे रोवून उताराच्या दोन्ही बाजूंना खुणा करताना. "पाय कुठं ठिवायचा त्ये मागनं बघायचं. आदी बघायचं, पाय सुटला तर माणूस कुठं जाऊन लागंल." म्हणूनच तुझा उतार नेहमी वरच्या अंगाला असायचा, चिंचेच्या समोर. तिथून कुणी वाहिलंच तर पन्नास पावलांवर गोट्यांचा उंचवटा होता. माणूस त्याला अडायचं, गुडघे फुटायचे, पण उठून उभं राहायचं. तुझ्या हातून कुणी गेलं नाही ते काही देवाच्या कृपेनं नाही. तू ती जागा आधी बघून ठेवायचीस.

मग गंगूचं झालं.

ते आपण दोघी कधी नीट बोललो नाही. श्रावणात तीन दिवस पूर होता. गंगू पल्याड अडली होती, तिसरं बाळंतपण, बाळ आडवं. तिचा नवरा काठावर येऊन ओरडायचा. त्याचे शब्द अर्धे वाऱ्यावर जायचे. तू दोनदा नाव लोटलीस आणि दोनदा नदीनं तुला खाली नेऊन याच काठाला टाकलं. दुसऱ्या खेपेला मी नावेत होते. तू मला खाली उतरवलंस आणि म्हणालीस, "न्हाई जमणार." तिसऱ्या दिवशी तो ओरडायला आला नाही. आपण दोघी दुपारपर्यंत काठावर उभ्या होतो, तो येईल म्हणून.

मला माझं काम येत होतं, येसू. आडवं बाळ फिरवणं मला येत होतं. मध्ये फक्त पाणी होतं.

त्यानंतर मी फरशीच्या मागे लागले. फरशी म्हणजे बुटका दगडी पूल, पुरात पाणी वरून जाणारा. पुरात नाही तर नाही, पण पूर ओसरायला लागला की लगेच पार होता येईल, गाडी येईल, पुढेमागे मोटारही येईल. अर्ज मी लिहिला. गावोगाव हिंडून सह्या मी घेतल्या. साहेब जीप घेऊन मोजणीला आले, तेव्हा चहा माझ्या ओसरीवर झाला. त्यांनी नकाशा पसरला. चाकणकडून येणारा नवा रस्ता सरळ नदीला भिडत होता. जिथं भिडत होता तिथंच फरशी.

तू ओसरीच्या पायरीवर बसली होतीस. उठून म्हणालीस, "साहेब, तितं नगं. तितं पानी गप हाय. आन् खालीच डोह हाय."

साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या कोण?"

"तर चालवतात," मी म्हणाले.

ते वाईट माणूस नव्हते. समजावून सांगितल्यासारखं म्हणाले की दगड-सिमेंटला गप पाणी काय आणि बोलकं पाणी काय. वाळू सरकेल, फरशी नाही सरकणार. आणि चिंचेकडे रस्ता वळवायचा तर किती जणांच्या जमिनीतून न्यावा लागेल. मला ते पटलं. खरं सांगते, अजूनही त्यातलं अर्धं पटतं.

आपलं भांडण ते गेल्यावर झालं. गावातल्या सगळ्यांच्या संमती झाल्या होत्या, फक्त तुझी राहिली होती. तरीवालीची हरकत नाही, असं कागदावर हवं होतं.

"बाई, फरशी करा. म्या कुठं नगं म्हणती? पर वर करा, चिंचंपाशी."

"वर होणार नाही, येसू. होईल तर तिथंच. नाही तर नाहीच."

"मंग न्हाई."

"आणि पुढची गंगू?"

मग म्हणालीस, "पाय सुटला तर माणूस डोहात जाईल."

"फरशीवरून पाय कशाला सुटेल?"

मी शाईची डबी उघडली. तू अंगठा पुढे केलास. मीच तो धरला, शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला, कारण तू कागदाकडे बघतही नव्हतीस. "तुमच्यासाठी लावती," तू म्हणालीस, "नदीसाठी न्हाई."

फरशीच्या कामाला श्रमदान निघालं तेव्हा दगड वाहायला तूही आलीस. मला वाटलं, राग गेला. आता वाटतं, जे होणारच आहे ते निदान नीट व्हावं म्हणून आली असशील. विचारायचं राहिलं.

पहिला हिवाळा सुखाचा गेला. कांद्याच्या गाड्या फरशीवरून खडखडत चाकणच्या बाजाराला जाऊ लागल्या. वाडीतली दोन पोरं पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर जायला लागली, रोज पहाटे कोरड्या पायानं. मी चपला घालून पल्याड जायचे. मधोमध थांबून तुला हाक मारायचे, "बघ, येसू!" तू काठावरून म्हणायचीस, "हिवाळ्यात समदेच पूल चांगलं असत्यात, बाई." आणि दोघी हसायचो. तरीला कुणी येईना. नाव तू उपडी घातलीस आणि लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागलीस. उन्हानं फळ्या फाकल्या. मी दवाखान्याच्या वाटेनं रोज त्या नावेजवळून जायचे आणि एकदाही म्हणाले नाही, की ती दुरुस्त करून ठेवू या, लागली तर असावी.

भाद्रपदातला तो दिवस. वरती डोंगरात पाऊस थांबून दोन दिवस झाले होते. सकाळी फरशीवर गुडघ्याच्या वर तांबडं पाणी होतं. तू काठावरच होतीस. कुणी सांगितलं नव्हतं, तरी पाणी चढलं की तू काठावर असायचीस. मी आले तर म्हणालीस, "उतरतंय. जेवणवेळेपत्तोर गुडघ्याखाली येईल."

तेवढ्यात पल्याड गाडी आली. वाडीचा नामदेव. गाडीत त्याची आई आणि बायको हौसा, पहिलटकरीण. तो हाताचा कर्णा करून ओरडला, "बाई! रगत जातंय!"

किती, केव्हापासून, कसं, मी ओरडून विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही. तो परत तेच ओरडला. मी पाण्यात पाऊल टाकलं तर तू दंड धरून मला मागे ओढलंस.

"तुमी न्हाई जायाचं. आन् त्यालाबी थांबा म्हणा."

"रक्त जातंय म्हणतोय तो."

"घटकाभर, बाई. पानी उतरतंय."

मी म्हणाले, "गंगूच्या वेळी थांबलोच होतो."

येसू, हे वाक्य मला परत घ्यायचं आहे. मी किती बाळंतिणींना शब्दानं धीर दिला असेन, पण शब्दानं माणूस ढकलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. तुझा हात माझ्या दंडावरून सुटला. मी दोन्ही हात उंच केले आणि ओरडले, "आणा! आणा तिला!"

हे एवढंच त्याला नेमकं ऐकू गेलं.

गाडी फरशीवर आली. निम्म्यात आली आणि बैल थांबले. नामदेव चाबूक मारत होता, हौसा आत कण्हत होती, आणि बैल मान घालून उभे. पाणी चाकाच्या तुंब्याला लागलं होतं. तू वेळू उचललास. माझ्याकडे पाहिलं नाहीस. पाय सरकवत सरकवत गाडीपर्यंत गेलीस आणि बैलाची वेसण धरलीस. तू डोहाच्या बाजूनं चालत होतीस, बैलांना वरच्या अंगाला ठेवून. ते मला दिसत होतं. मला कळतही होतं, तूच शिकवलं होतंस. तुझ्या बोलण्यानं बैल चालले. गाडी चाललेली पाहून मी देवाचं नाव घेतलं.

काठ आठ-दहा हातांवर राहिला असेल. फरशीच्या कडेला शेवाळ धरलं होतं. तू ओरडली नाहीस. मला फक्त वेळू दिसला, आधी उभा, मग आडवा. वेसण तू आधीच सोडली होतीस. धरून ठेवली असतीस तर बैल तुझ्यामागे गेले असते. हे मला नंतर नामदेवानं सांगितलं. तो रडत होता.

मी काठानं धावले. पाणी डोहाशी जाऊन गप झालं होतं. त्याच्याकडे बघून काहीच कळत नव्हतं. मला पोहता येत नाही. माणसं आली, दोघांनी उड्या टाकल्या, मी काठावर उभी होते. आणि मागून, काठाला लागलेल्या गाडीतून, हौसाची सासू मला हाका मारत होती, "बाई, पोरीला बघा, बाई, आवो पोरीला बघा."

मी तुझ्याकडे पाठ केली, येसू. मला जावं लागलं.

आता जे सांगते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. दवाखान्यात हौसाला तपासलं. रक्त होतं, पण कळा सुरू होताना जातं तेवढंच. पिशवीचं तोंड जेमतेम उघडलं होतं. बाळ सरळ, ठोके चांगले. दुपारी एकानं येऊन सांगितलं, फरशीवर पाणी घोट्याला आलंय, पण येसूआक्काचा पत्ता नाही. मी हौसाच्या पाठीवरून हात फिरवत होते. मुलगी झाली दिवेलागणीला.

म्हणजे थांबता आलं असतं. घटकाभर काय, दोन प्रहर थांबता आलं असतं.

मी स्वतःला सांगते की नदीच्या त्या काठावरून हे कुणालाच कळलं नसतं. ते खरं आहे. दुसऱ्या वेळी ते रक्त वेगळं असतं, आणि थांबले असते तर हौसा गेली असती. तेही खरं आहे. हे सगळं खरं मी तेरा दिवस फिरवून फिरवून बघते आहे, आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

तू दुसऱ्या दिवशी सापडलीस, खालच्या गावाच्या शिवारात. बबन दापोडीहून आला. तो मला एकच विचारत होता, "आई मासोळीवानी पवायची, बाई. तिला कसं काय न्हेलं?" कुणी म्हणालं लुगडं अडकलं, कुणी म्हणालं डोकं दगडाला लागलं. मला माहीत नाही.

दहाव्याला मी त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "बबन, गाडीला मी बोलावलं होतं. ती थांबा म्हणत होती." तो खाली बघत होता. तसाच म्हणाला, "तुमचं कामच त्ये, बाई. तिनं तिचं केलं." एवढं म्हणून तो माणसांना पाणी द्यायला उठून गेला. शिवी दिली असती तर मी ती घेतली असती. हे मला घेता येत नाही. आणि दिवेलागणीचं, थांबता आलं असतं हे, त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

मुलगी चांगली आहे, येसू. दूध ओढते. हौसा म्हणत होती तुझं नाव ठेवावं, पण सासूनं बुडालेल्या बाईचं नाव नको म्हणून सांगितलं. मला राग आला. मग त्या पोरीला आयुष्यभर मी त्या नावानं हाक मारायची, हे मनात आलं आणि सासूचं ऐकलं ते बरं झालं असं वाटलं. बघ, मी किती भित्री आहे. तुझ्या हातात हात असला की हे मला लपवता यायचं.

तुझ्यामुळे मी पल्याड किती घरांत पोचले, तेवढं तरी तू जाताना बरोबर नेलं असशील ना? लोक म्हणतात बाईंच्या हाताला यश आहे. त्या हाताला धरून कुणी नेलं ते कुणी म्हणत नाही. मीही कधी म्हणाले नाही.

बबनला मोटारीत बसवून मी परत येत होते. काल डोंगरात पुन्हा पाऊस झालाय, फरशीवर पाणी होतं. अलीकडे तीन गाड्या उभ्या होत्या, पल्याडच्याच, बाजाराहून घरी निघालेल्या. बाया-माणसं उतरून काठावर आली होती. अशा वेळी ती तुझ्या दाराकडे बघायची. आज त्यांनी तिकडे पाहिलं, कुलूप दिसलं, आणि सगळी माझ्याकडे वळली.

"बाई, जावं का?"

मी पाण्याकडे पाहिलं. तू शिकवलेलं सगळं आठवत होतं. तळ, उतरण, तुंबा, खळखळ. पण ते पाणी चढतंय की उतरतंय, एवढं साधं मला सांगता येईना.

"थांबा," मी म्हणाले.

"कवापत्तोर?"

त्यांनी बैल सोडले, वैरण टाकली आणि काठावर बसून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.